डॅशबोर्डमागचे थर

गेल्या दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांनी किल्ला करायला घेतला होता. माती, विटांचे तुकडे, ओली पोती, सगळा पसारा नेमका माझ्या गाडीच्या मागे. मी भाजी आणायला निघालो. पोरांना हाक मारून बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली. आरशात पाहिलं, मानेच्या दुखण्याने मान जेवढी वळू देते तेवढी वळवून मागच्या काचेतून पाहिलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी हातभर सरकली असेल नसेल, तोच वॉचमनने मागच्या पत्र्यावर दाणकन थाप मारली. "काका, थांबा!" उतरून पाहतो तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांची अडीच वर्षांची नात बंपरपासून दोन वितींवर उकिडवी बसून मातीत बोट घालत होती. मी 'पोरांनो' अशी हाक मारली, त्यात तिने स्वतःला धरलंच नव्हतं.

कुणी मला बोललं नाही. तिच्या आजीने तिला उचललं, हात झटकले आणि "अहो, कळत नाही हो तिला अजून," असं जणू माझीच समजूत घालत त्या घरात गेल्या. भाजी राहिली. दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर मी एक बादली, एक स्टूल आणि मोजपट्टी घेऊन खाली उतरलो. बादली गाडीमागे ठेवायची, ड्रायव्हरच्या जागेवर बसून पाहायचं, उतरून बादली आणखी मागे सरकवायची, पुन्हा बसून पाहायचं. फूटभर उंचीची बादली मागच्या काचेतून पहिल्यांदा दिसली तेव्हा ती बंपरपासून १७ फुटांवर होती. दोन फुटी स्टूल, म्हणजे साधारण बसलेलं मूल, साडेआठ फुटांवर दिसलं. त्याच्या अलीकडे जे काही असेल ते माझ्या लेखी नव्हतंच. ही गाडी मी २७ वर्षं चालवतो आहे.

गाडी म्हणजे १९९७ सालची मारुती ८००. पंधरा वर्षं झाल्यावर तिची नोंदणी पुन्हा करून घेतली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांनी पुन्हा तेच. मुलगा म्हणतो, विकून टाका, नव्या गाडीत कॅमेरा येतोच. विकून मी सुटेन, पण गाडी तशीच कुणा दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये जाईल, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून हिलाच मागे पाहणारा कॅमेरा बसवायचं ठरवलं. कॅमेऱ्याला पडदा हवा, पडद्याला नवा स्टिरिओ हवा, स्टिरिओला जुन्या टेपची जागा हवी. अशा साखळीने मी नाना पेठेतल्या एका दुकानासमोर पोचलो आणि पंचविशीतल्या एका वायरमनने माझा डॅशबोर्ड उघडला.

आत पाहून तो म्हणाला, "काका, हे तर म्युझियम आहे." खरंच होतं. टेपच्या मागे वायरींचं एक घरटं होतं आणि त्यात थर स्पष्ट दिसत होते. सगळ्यात खाली गाडी घेतली त्या वर्षी बसवलेल्या कॅसेट प्लेअरची जोडणी. तिच्यावर काळ्या चिकटपट्टीचे वेढे, आता डिंकासारखे पाघळलेले. त्यावर २००५ च्या सुमाराचा सीडीवाला डबा, तो जोडताना जुन्या वायरी कापून पिळ देऊन केलेले जॉइंट. आणि पायाखालच्या मॅटखालून थेट डिक्कीपर्यंत गेलेली एक एकटी पांढरी वायर, जिचं पुढचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. ती कशाची हे मला आठवेना. ते पुढे येईलच.

या थरांवरून मला पहिल्यांदा जाणवलं की गाडीत गाणं गाडीच्या कारखान्यातून आलेलं नाही. ते बाजारातून आलं आणि कारखान्याने मागाहून ते आपलंसं केलं. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिनच्या कंपनीने १९३० मध्ये मोटारीत बसवण्याजोगा रेडिओ विकायला आणला आणि मोटारवरून त्याला 'मोटोरोला' हे नाव दिलं. किंमत सुमारे ११० ते १३० डॉलर, आणि फोर्डची अख्खी नवी मॉडेल ए गाडी त्या वेळी पाचशे डॉलरांच्या आसपास मिळे. हा रेडिओ बसवणं म्हणजे गाडीची शस्त्रक्रियाच होती. छताचं अस्तर सोडवून त्यात एरियलची जाळी पसरायची, व्हॉल्व्हना लागणाऱ्या जादा बॅटऱ्या फळीखाली ठेवायच्या, आणि मुख्य म्हणजे इंजिनाची खरखर बंद करायची. प्रत्येक स्पार्क प्लग ही खरं तर छोटी वीज असते. रेडिओला गाणं आणि वीज यांत फरक कळत नाही. त्यासाठी प्लगच्या वायरींवर रोधक आणि डायनॅमोवर कंडेन्सर लावावे लागत. गॅल्व्हिनने कर्ज मिळवण्यासाठी एका बँकरच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला, अशी गोष्ट सांगितली जाते. खरी असो नसो, वायरमन मंडळींना ती पटण्याजोगी आहे.

युरोपात पुढे ब्लाउपुंक्ट म्हणून ओळखल्या गेलेल्या जर्मन कंपनीने १९३२ मध्ये मोटारीचा रेडिओ केला. त्याचं वजन सुमारे १५ किलो. असलं धूड डॅशमध्ये मावणार नाही, म्हणून ते दुसरीकडे ठेवून बटणं स्टिअरिंगच्या दांड्यापाशी आणली होती. त्याच काळात अमेरिकेत काही ठिकाणी मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालण्याची मागणी झाली, ड्रायव्हरचं लक्ष विचलित होईल म्हणून. पुढच्या प्रत्येक नव्या डब्याबद्दल हेच बोललं गेलं आणि प्रत्येक वेळी त्यात थोडं तथ्य होतं.

मधल्या वर्षांतला एक योगायोग मात्र मला सोडवत नाही. १९५६ सालच्या क्रायस्लर गाड्यांत डॅशखाली चक्क रेकॉर्ड प्लेअर मिळत असे. मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या खास तबकड्या त्यावर वाजत. फार चालला नाही तो. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या प्रदर्शनात ब्यूक सेंच्युरियन नावाची एक स्वप्नगाडी मांडली. तिला मागचे आरसे नव्हते. शेपटीत टेलिव्हिजनचा कॅमेरा आणि डॅशमध्ये पडदा. म्हणजे एकाच वर्षी एका डॅशबोर्डने कान मागितला आणि दुसऱ्याने डोळा. कान लवकर मिळाला. डोळ्याला पुढे ३५ वर्षं लागली.

कानाची पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. ट्रान्झिस्टर आले, जादा बॅटऱ्या गेल्या. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट दाखवली आणि काही वर्षांत ती मोटारीत पोचली. आपल्याकडे रेडिओला पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि त्याच्या पुस्तकात दरवर्षी तिकिटं लावून घ्यावी लागत. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांची आणखी एक तऱ्हा होती. त्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला जोडलेलं असे आणि नव्या रेडिओला ऋण टोक पत्र्याला हवं असे. उलटं जोडलं की रेडिओचा धूर. म्हणून काही रेडिओंना धन-ऋण बदलायची सोयच ठेवलेली असे. वायरमन लोक अजूनही जुनी गाडी आली की आधी बॅटरीकडे पाहतात, ती सवय तिथली असावी.

मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. कॅसेटचा सुकाळ आणि ही गाडी साधारण एकाच वेळी मध्यमवर्गात शिरली. माझ्या गाडीत टेपच्या जागी काळ्या प्लॅस्टिकचं झाकण होतं. १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. हे माप जर्मन प्रमाण संस्थेच्या नावावरून 'डिन' म्हणून ओळखलं जातं आणि जगातल्या बहुतेक कंपन्यांनी ते मानलं. मोठ्या पडद्याचा स्टिरिओ तेवढ्याच रुंदीत दुप्पट उंच असतो, म्हणून तो 'डबल डिन'. मला हे रिकामं भोक फार बोलकं वाटतं. कंपनी म्हणते, इथे काहीतरी येणार हे आम्हाला ठाऊक आहे, ते काय ते तुम्ही आणि नाना पेठ मिळून ठरवा. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांची आतली रचना खऱ्या अर्थाने अशा दुकानांनी केली आहे. सीट कव्हरं, स्पीकरची पाटी, पुढच्या काचेवरचा गणपती, सगळं.

त्या भोकाचेही चोचले होते. टेप चोरीला जात, म्हणून हँडल धरून बाहेर ओढता येणारे टेप निघाले. लग्नाच्या मांडवात शालूच्या शेजारी मांडीवर कार टेप घेऊन बसलेले गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि एकदा मीही तसाच बसलो आहे. मग नुसता पुढचा पॅनल काढून डबीत घालून खिशात ठेवायची सोय झाली. माझ्या पहिल्या टेपवर आम्ही कोकणात जाताना पु. लं.ची 'म्हैस' ऐकायचो. बसखाली आलेल्या म्हशीची गोष्ट घाटातल्या वळणावर ऐकताना मागच्या सीटवरून कुणीतरी हमखास म्हणे, "समोर बघा."

आता डोळ्याकडे. माणूस पुढे जाताना एकटा जाऊ शकतो, मागे जाताना त्याला दुसरा माणूस लागतो. मोटारींच्या शर्यतीत सुरुवातीला ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसे. मागून कोण येतंय हे सांगणं हे त्याच्या कामांपैकी एक. १९११ च्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत रे हॅरून एकटाच बसला आणि मेकॅनिकऐवजी त्याने आरसा लावला. बाकीच्यांनी तक्रार केली. हॅरून जिंकला. विटांच्या रस्त्यावर तो आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसतच नव्हतं, असं त्याने पुढे सांगितलं. आरशाने माणसाची जागा घेतली, काम घेतलं नाही.

आपल्याकडे मात्र तो दुसरा माणूस टिकला. ट्रकचा क्लीनर पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो. एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारतो. सोसायटीचा वॉचमन आहे. गाडीतून उतरून "अजून या, अजून या, बास!" म्हणणारी बायको आहे, आणि मग झालेला खड्डा कुणाचा यावर घरोघर चालणारा वाद आहे. ही सगळी मागे पाहणारी माणसं. त्यांचं काम गाडीच्या किमतीत कधी धरलं गेलं नाही.

आणि मग यंत्र आलं, ते डोळ्याचं नव्हतं, तोंडाचं होतं. मागे जाताना पीं पीं वाजणारा भोंगा जपानच्या यामागुची इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये बाजारात आणला. कॅसेट आली तेच साल. आपण त्याला सूर लावले. नव्वदच्या दशकात रिव्हर्स हॉर्न ही चैन होती. पहाटे साडेपाचला कुणाची तरी गाडी पार्किंगमधून आरती म्हणत, तर कुणाची बेथोव्हेनची 'एलिझसाठी' वाजवत मागे येई आणि वरच्या मजल्यांवरून शिव्या येत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ओळीने वेगवेगळे सूर काढणाऱ्या हॉर्नला मनाई आहे. पण ही गोष्ट हॉर्न विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माहीत असल्याचं कधी दिसलं नाही.

इथे मला ती पांढरी वायर आठवली. वायरमनने डिक्कीचं अस्तर काढलं तेव्हा मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीला मारलेला एक जॉइंट सापडला आणि त्याला लोंबणारी कोरडी पडलेली डबी. माझाच रिव्हर्स हॉर्न. १९९९ मध्ये मुलाने हट्ट करून बसवून घेतला होता, वरून बंद करता यावा म्हणून डॅशखाली बटण दिलं होतं. वर्षभरात तो बिघडला. वायर राहिली.

ती डबी हातात घेऊन मी दुकानासमोरच्या स्टुलावर बराच वेळ बसलो. रिव्हर्स हॉर्न मागच्या माणसाला सांगतो, मी येतोय, तू सरक. कॅमेरा ड्रायव्हरला सांगतो, तिथे कुणीतरी आहे, तू थांब. दोन्ही एकाच दिव्याच्या वायरीवर चालतात, पण जबाबदारी एकाकडून उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकतात. हॉर्नच्या हिशेबात सरकू न शकणारं कुणी धरलेलंच नाही. अडीच वर्षांच्या मुलीला गाणं वाजलं की ती दूर जात नाही, जवळ येते.

कॅमेरा विक्रीच्या गाडीत आला तो १९९१ मध्ये, टोयोटाच्या सोअररमध्ये, आणि तोही जपानपुरता. मागच्या पंखावर कॅमेरा, डॅशमध्ये रंगीत पडदा. महागड्या गाडीतली महागडी हौस. तो स्वस्त झाला त्याचं कारण मोटार नव्हतीच. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळयानांसाठी छोटा, कमी वीज खाणारा चित्रग्राहक विकसित केला. तो मोबाइल फोनमध्ये गेला, कोट्यवधींनी बनू लागला, आणि त्याचा दूरचा नातलग आज बोराएवढ्या डबीत नाना पेठेत मिळतो.

सक्तीची कहाणी मात्र चटका लावणारी आहे. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका बालरोगतज्ज्ञाच्या हातून घरासमोर गाडी मागे घेताना स्वतःचाच दोन वर्षांचा मुलगा गेला. त्यांनी आणि अशाच इतर आईवडिलांनी पाठपुरावा केला. २००८ च्या सुरुवातीला त्या मुलाच्या नावाने कायदा झाला. नियम २०११ पर्यंत निघायचा होता, तो खर्चाच्या हिशेबात पुढे पुढे जात राहिला, आईवडिलांना न्यायालयात जावं लागलं. नियम २०१४ मध्ये आला आणि १ मे २०१८ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला कॅमेरा बंधनकारक झाला. गाडीमागची १० फूट रुंद, २० फूट लांब जागा ड्रायव्हरला दिसली पाहिजे, असं तो सांगतो. माझी बादली १७ फुटांवर दिसली होती. तिथल्या सरकारी अंदाजाप्रमाणे मागे येणाऱ्या गाड्यांखाली वर्षाला सुमारे २१० माणसं मरत. त्यांतली ३१ टक्के पाच वर्षांखालची मुलं आणि २६ टक्के सत्तरीपुढची माणसं. मी त्या दुसऱ्या गटाच्या उंबऱ्यावर आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. ते अडथळा जवळ आला की वाजतात, आणि निदान ते ड्रायव्हरसाठी वाजतात. कॅमेरा ऐच्छिक राहिला. जुन्या गाडीसाठी काहीच नाही. ती पासिंगला नेली की दिवे, हॉर्न, धूर पाहतात. मागे काय दिसतं हे कुणी पाहत नाही. गाणं बाजारावर सोडलं ते ठीक झालं, गाण्यावाचून कुणी मरत नाही. मागचा डोळाही तसाच भोकाच्या आणि ऐपतीच्या हवाली केला आहे, हे मला पटत नाही.

परत माझ्या डॅशबोर्डकडे. वायरमनचं म्हणणं, प्लॅस्टिक कापून डबल डिन बसवू, सात इंची पडदा येईल. मी नको म्हटलं. शेवटी एकपट मापाचा साधा स्टिरिओ जुन्या भोकात आणि कॅमेऱ्याचा पडदा आतल्या आरशातच, असं ठरलं. स्टिरिओ सोपा होता. पिवळी वायर कायमचा करंट, लाल चावीवरचा, काळी अर्थ. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद केल्यावर स्टिरिओ सगळी स्टेशनं विसरतो. २००५ च्या डब्याचा तोच आजार होता, हे मला १९ वर्षांनी कळलं. जुने पिळाचे जॉइंट त्याने कापून टाकले, नवे डाखले, आणि मधे फ्यूज घातला, जो आधी नव्हताच.

कॅमेरा मात्र सुरू होईना. जोडणी बरोबर, पडदा बरोबर, रिव्हर्स टाकला की अंधार. अर्ध्या तासाने त्याने टेस्टर लावला आणि म्हणाला, "काका, रिव्हर्सचा दिवा शेवटचा कधी लागला होता?" मला सांगता येईना. गिअरबॉक्सवर एक बोटभर लांब स्विच असतो, रिव्हर्स टाकला की तो मागच्या पांढऱ्या दिव्याला करंट देतो. तो मेला होता. किती वर्षं, कोण जाणे. म्हणजे मला मागचं दिसत नव्हतं एवढंच नव्हे, मी मागे येतोय हे मागच्यालाही दिसत नव्हतं. त्या रविवारीसुद्धा. स्विच चार दुकानं सोडून मिळाला, कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

चित्र आलं ते डावं-उजवं सरळ. ते आरशासारखं उलटं हवं, नाहीतर स्टिअरिंग भलतीकडे फिरतं. कॅमेऱ्याच्या वायरीत एक छोटं कडं असतं, ते कापलं की चित्र उलटतं. त्याने दातानेच कापलं.

संध्याकाळी पार्किंगमध्ये आलो तेव्हा किल्ला पुरा झाला होता. अळीव उगवले होते, बुरुजावर महाराज बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिव्हर्स टाकला. आरशात पिवळ्या आणि लाल रेघांच्या मधे किल्ल्याचा दरवाजा, दोन मावळे आणि एक लाल चप्पल दिसली. चप्पल छोटी होती. मी ब्रेक दाबून ठेवला. काही वेळाने चौकटीत वॉचमनचे पाय आले, त्याने वाकून चप्पल उचलली, कट्ट्यावर ठेवली आणि पत्र्यावर थाप मारली.

"येऊ द्या काका."